काका म्हणतात, किडनी काढायलाच हवी होती

पत्र :

डॉक्टर, आम्ही सांगली जिल्ह्यातल्या एका गावात राहतो. आई ५४ वर्षांची. गेल्या महिन्यात तिच्या डाव्या कुशीत दुखायला लागलं. आमच्याकडे मुतखडा घरोघरी, म्हणून मी दोन दिवस कुळथाचं कढण दिलं, मेडिकलमधून गोळी आणली. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं. तिथंही मुतखडाच म्हणाले, इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. रात्री अकराला ती बाथरूमच्या दारात पडली. घामानं चिंब, पांढरीफटक. मोठ्या हॉस्पिटलात नेलं. सीटी काढून म्हणाले, किडनीच्या रक्तवाहिनीला फुगा होता, तो फुटलाय. हिमोग्लोबिन ६.८. रात्री दोनला माझी सही घेतली आणि जांघेतून तार घालून आत कॉइल बसवली. पोट उघडलं नाही. रक्ताच्या चार पिशव्या लागल्या. आठव्या दिवशी घरी आलो, त्यालाही आता तीन आठवडे झाले. किडनीच्या तपासणीतलं क्रिएटिनिन १.४ आहे. बीपी १६०/१००, आधी कधी मोजलंच नव्हतं. कार्डावर लिहिलंय की उजव्या किडनीच्या धमनीलाही ११ मिलिमीटरचा फुगा आहे, सहा आठवड्यांनी दाखवायला या. काका म्हणतात, फुटलेली किडनी आत ठेवलीच कशाला, काढून टाकली असती तर कायमची कटकट गेली असती. ती कॉइल सरकून हृदयात गेली तर? दुसरा फुगा फुटायची वाट बघायची का? बहिणीचं गेल्या वर्षी लग्न झालंय, तिनं तपासून घ्यावं का? आणि मी कढण देत बसलो नसतो तर हे टळलं असतं का? रात्र रात्र झोप लागत नाही.

उत्तर :

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. बाकीची उत्तरं एक झोप काढून वाचलीत तरी चालतील.

कढणानं फुगा फुटला नाही. कुळीथ धमनीच्या भिंतीचं चांगलंही करत नाही आणि वाईटही नाही. दुखण्याची गोळीसुद्धा धमनी फोडत नाही. ती किडनीला जाचते, पण तो विषय वेगळा, पुढे लिहिते. फुगा बहुधा गेली कित्येक वर्षं तिथं होता. असे फुगे क्वचितच दुखतात, हाताला लागत नाहीत, लघवीच्या साध्या तपासणीत दिसत नाहीत. दुसऱ्याच कशासाठी तरी पोटाचा सीटी काढावा आणि त्यात अचानक सापडावा, अशीच त्यांची ओळख बहुतेकदा होते. साधारण हजार माणसांत एखाद्याला तो असतो, आणि ज्यांना असतो त्यांच्यातल्याही बहुतेकांचा आयुष्यभर फुटत नाही. तुमच्या आईंचा फुटला. ते दोन दिवस दुखत होतं तेव्हा बहुधा थोडं थोडं झिरपत असणार. तेव्हाच सीटी झाला असता तर ती रात्र टळली असती का? कदाचित टळली असती. पण कुशीत दुखणाऱ्या प्रत्येक बाईचा पहिल्याच दिवशी सीटी अँजिओ, म्हणजे रक्तवाहिन्या दाखवणारा सीटी, करायला आपल्या तालुक्यात कुणी सांगत नाही, आणि सांगूही नये.

पहिल्या दवाखान्याबद्दल तुम्ही काही विचारलेलं नाही, पण लिहिण्यातून राग जाणवतो. मी त्या खोलीत नव्हते, त्यामुळे निवाडा करणार नाही. फक्त हे सदर वाचणाऱ्या इतरांसाठी एक गोष्ट लिहून ठेवते. मुतखड्याची कळ लाटेसारखी येते, ओसरते, पुन्हा येते. माणूस एका जागी बसत नाही, गडबडा लोळतो, येरझाऱ्या घालतो. रक्तस्राव होत असलेला माणूस उलट गप्प पडून राहतो. दुखणं एकसारखं असतं, तोंड पांढरं पडतं, हातपाय गार, घाम, उठून बसलं की डोळ्यांपुढे अंधारी, नाडी धावते. लघवी लाल होईल किंवा होणारही नाही. पन्नाशी-साठीनंतर आयुष्यात पहिल्यांदाच ‘मुतखडा’ दुखला, तर डॉक्टरांनी बीपी, नाडी आणि पोटातल्या रक्तवाहिन्या बघितल्याशिवाय घरी सोडू नये, हे आम्हाला शिकताना घोकून घ्यायला लावलं होतं. तो धडा मुख्यतः महाधमनीच्या फुग्यासाठी होता, पण इथंही चालतो.

आता काका. काका चूक बोलत नाहीत, जुनं बोलतात. तीस-चाळीस वर्षांपूर्वी कुणी सर्जन असता तर बहुधा तेच केलं असतं: पोट उघडायचं, धमनीला चिमटा लावायचा, किडनी काढायची आणि माणूस वाचवायचा. पण त्या रात्री तुमच्या आईंच्या पोटात काय चाललं होतं ते जरा जवळून सांगते, म्हणजे जांघेतून का गेले ते कळेल.

हृदय दर मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त फेकतं. त्यातलं पाचवा ते चौथा हिस्सा, म्हणजे लिटरभर किंवा किंचित जास्त, दोन किडन्यांकडे जातं. एका किडनीच्या धमनीतून मिनिटाला अर्धा लिटर. ती धमनी आपल्या पेन्सिलीपेक्षाही बारीक, पाच-सहा मिलिमीटरची. तिच्याच एका फांदीला भोक पडलं तर माणूस तासाभरात संपायला हवा. तुमच्या आई वाचल्या, कारण किडनी पोटाच्या मोकळ्या पोकळीत नसते. ती मागे, पाठीच्या स्नायूंना चिकटून, चरबीच्या गादीत आणि एका चिवट पडद्याच्या पिशवीत असते. रक्त त्या पिशवीत साचत गेलं, पिशवी तट्ट फुगली, आणि आतल्या दाबानंच भोकाला बोट लावल्यासारखं झालं. तो दाब म्हणजे त्या क्षणी निसर्गाने लावलेलं बूच.

सर्जननं पोट उघडून ती पिशवी चिरली की बूच निघतं. रक्ताचा लोट येतो, समोर काही दिसत नाही, भूल दिलेल्या माणसाचं बीपी खाली येतं. अशा वेळी फाटलेली बारीक फांदी शोधून शिवत बसायला सवड नसते. मुख्य धमनी बांधायची, किडनी बाहेर. तातडीच्या अशा ऑपरेशनमध्ये किडनी गमवावी लागते ती याच कारणानं. सर्जनच्या हातात कमीपणा असतो असं नाही.

जांघेतून गेलं की बूच तसंच राहतं. आम्ही आतून, रक्ताच्याच वाटेनं जातो.

मी बावीस वर्षं हेच काम केलं, म्हणून त्या खोलीत काय घडलं असेल ते न बघताही सांगू शकते. जांघेत भुलीचं इंजेक्शन, सुईनं धमनीत शिरायचं, सुईतून तार सरकवायची, सुई काढून तारेवरून नळी आत. ही पद्धत स्वीडनच्या सेल्डिंगर नावाच्या डॉक्टरनं १९५३ मध्ये लिहून काढली आणि आजही आम्ही ती जवळपास तशीच करतो. नळी महाधमनीतून वर नेऊन डाव्या किडनीच्या धमनीच्या तोंडात अडकवली की त्यातून एक्स-रेवर दिसणारं औषध सोडतात. तेव्हा आईंना पोटात गरम लाट गेल्यासारखं वाटलं असेल, विचारून बघा. कित्येक पेशंटना त्या सगळ्या रात्रीतली तेवढी एकच गोष्ट आठवते. पडद्यावर किडनीचं झाड उमटतं: खोड, दोन मोठ्या फांद्या, मग डहाळ्या. आणि एका डहाळीच्या बाजूला शाईचा थेंब टिपकागदावर पसरावा तसा डाग, जो पुसलाच जात नाही. तो डाग म्हणजे बाहेर पडणारं रक्त. तो दिसला की खोलीतलं बोलणं थांबतं.

मग मोठ्या नळीतून शेवयीएवढी बारीक नळी त्या डहाळीपर्यंत. आणि त्यातून कॉइल. प्लॅटिनमची तार, केसापेक्षा काही पट जाड, नळीत असते तोवर सरळ. बाहेर पडली की तिला तिचा मूळ आकार आठवतो आणि ती जुन्या फोनच्या वायरसारखी गुंडाळत जाते. वेटोळ्यात वेटोळं. काही कॉइलना बारीक तंतू असतात, त्यांच्याभोवती रक्त गोठतं. तुम्ही पाठवलेल्या कार्डाच्या पहिल्या पानावर ‘पाच मायक्रोकॉइल, खालच्या भागाची फांदी’ असं लिहिलंय. पाचव्या कॉइलनंतर पुन्हा औषध सोडलं असेल आणि डाग उमटला नसेल. तेव्हा कुणीतरी पहिल्यांदा मान मोकळी केली असेल; अंगावरचा शिशाचा एप्रन तोपर्यंत खांदे मोडत असतो.

आता याची किंमत. किडनीतल्या फांद्या एकमेकींना जोडलेल्या नसतात. तुमच्याकडे उसाच्या रानात एका चारीचं दार बंद केलं तर शेजारच्या चारीतलं पाणी पाझरून थोडंफार तरी येतं. किडनीत तेही येत नाही. जी फांदी बंद केली तिच्यावरचा तुकडा वाळला. तुमच्या आईंच्या डाव्या किडनीचा खालचा भाग गेला, वरचा आणि मधला चालू आहे. अख्खी किडनी काढली असती तर तोही गेला असता. काकांना एवढंच सांगा. आणि उजवीकडेही फुगा असलेल्या बाईची डावी किडनी मुळापासून काढणं किती महागात पडलं असतं, हेही सांगा.

तुम्ही विचारलं नाहीत तरी कुणीतरी विचारेलच: मग स्टेंट का नाही घातला? हृदयात घालतात तसा? कापडाचं अस्तर लावलेला स्टेंट मिळतो. मुख्य खोडाला फुगा असेल, त्याच्या अलीकडे-पलीकडे निरोगी धमनीचा पुरेसा तुकडा असेल, तर तो फुगा आतून झाकून टाकतो आणि रक्त किडनीकडे जात राहतं. फार देखणं काम असतं ते. पण खालच्या बारीक डहाळीत तो मावत नाही, वळणावर बसत नाही. फुगा दुभागण्याच्या जागी असेल तर जाळीचा स्टेंट ठेवून त्याच्या छिद्रांतून फुग्यात कॉइल भरता येते. रात्री दोनला, हिमोग्लोबिन ६.८ असताना, डहाळीवरच्या फुग्यासाठी कुणी असलं नक्षीकाम करत नाही. दार बंद करतात आणि बाहेर येतात. मीही तेच केलं असतं.

आणि कधीकधी अख्खी किडनीही बंद करावी लागते. एका पावसाळी रात्री एक पेशंट आला होता. दुर्बिणीनं मुतखडा काढून दहा दिवस झालेले, लघवीतून रक्ताच्या गाठी. असे खोटे फुगे आपल्याकडे खऱ्यांपेक्षा जास्त दिसतात. सुई किंवा दुर्बीण जाताना फांदीला इजा होते, बाहेर रक्ताचीच भिंत धरते, आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी ती सुटते. ते बहुतेक वेळा एका-दोन कॉइलमध्ये आटपतं. त्याचं आटपलं नाही. तीन ठिकाणांहून गळत होतं, बीपी साठवर, दुसरी किडनी चांगली. मी मुख्य धमनीच बंद केली. बरं वाटलं नाही, अजूनही वाटत नाही, पण तो स्वतःच्या पायांनी घरी गेला. काकांचा मार्ग कधी बरोबर असतो, तर तेव्हा.

कॉइल सरकून हृदयात जाईल का? नाही जाणार, आणि का नाही ते समजून घेतलंत तर पुन्हा भीती वाटणार नाही. धमनीतलं रक्त हृदयाकडून किडनीकडे वाहतं. कॉइल सुटलीच तरी प्रवाहाबरोबर आणखी पुढे, किडनीतच जाईल, आणि पुढची वाट केसाहून बारीक. मागे, प्रवाहाविरुद्ध, हृदयाकडे जायला तिला वाटच नाही. महाधमनीत निसटून पायाकडे जाण्याची शक्यता असते ती कॉइल बसवत असतानाची, ती वेळ टळली. खरी काळजी वेगळी आहे: कॉइल दबत जाऊन मधून पुन्हा रक्त वाहू लागणं. म्हणून पुढच्या तपासण्या. प्लॅटिनमची कॉइल असली तरी एमआरआय करता येतो. फक्त कॉइलच्या पाकिटावरचे स्टिकर हॉस्पिटलच्या फाइलमध्ये चिकटवलेले असतात, त्यांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. दहा वर्षांनी दुसऱ्या गावात एमआरआयवाला विचारेल तेव्हा उपयोगी पडेल.

बीपीचं. याच्यामागे एक मजेदार गोष्ट आहे. १९३९ मध्ये आयर्विन पेज नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं कुत्र्याच्या किडनीभोवती सेलोफेनचा कागद गुंडाळला, आणि कुत्र्याचं बीपी चढलं. किडनी बाहेरून दाबली गेली की तिला वाटतं रक्त कमी पडतंय, आणि ती बीपी वाढवणारं रसायन सोडते. तुमच्या आईंच्या डाव्या किडनीभोवती सेलोफेनऐवजी गोठलेलं रक्त आहे. ते विरघळायला आठवडे, कधी काही महिने लागतात. शिवाय वाळलेल्या तुकड्याच्या कडेचा अर्धमेला भागही काही दिवस तेच रसायन सोडत राहतो. तेव्हा हे बीपी पुढे उतरू शकतं. पण आधी कधी मोजलंच नव्हतं, त्यामुळे ते जुनंच असण्याचीही शक्यता आहे. या फुग्यांच्या पेशंटमध्ये बीपी सर्रास आढळतं. काहीही असो, १६०/१०० तसंच ठेवून सहा आठवड्यांची वाट बघू नका. या आठवड्यातच फिजिशियनकडे जा. एक यंत्र घरी आणा, सकाळ-संध्याकाळ मोजून वहीत लिहा. दंडाचं यंत्र घ्या, मनगटाचं नको. बीपीच्या काही गोळ्यांनी, विशेषतः ज्यांच्या नावाच्या शेवटी ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ येतं त्यांनी, किडनीच्या धमन्या अरुंद असतील तर क्रिएटिनिन चढू शकतं. तशी गोळी सुरू केली तर एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायचं, हे तुम्हीच आठवण करून द्या.

क्रिएटिनिन १.४ हा आकडा बघून घाबरू नका. एका किडनीचा तुकडा गेला, त्या रात्री बीपी पडलं होतं, वरून दोनदा ते एक्स-रेचं औषध टोचलं. या तिन्हींचा हिशेब त्यात आहे. थोडं खाली येईल, किंवा तिथंच टेकेल. मात्र डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, निमेसुलाइड असल्या गोळ्या घरातून काढून टाका. गुडघे दुखले, कंबर दुखली तर पॅरासिटॅमॉल. मेडिकलवाल्याला नुसतं ‘दुखण्याची गोळी द्या’ म्हणायचं नाही.

आता उजवीकडचा फुगा. तुमच्या पत्रातला हाच खरा प्रश्न, आणि याचं उत्तर मी कागदावरून देऊ शकत नाही. विचार कसा करतात ते मात्र सांगते.

अमेरिकेतल्या रक्तवाहिन्यांच्या सर्जनांच्या संघटनेनं २०२० मध्ये मार्गदर्शक सूत्रं काढली. त्यांत लक्षणं नसलेल्या साध्या फुग्याला हात लावायची मर्यादा तीन सेंटिमीटर ठेवली. आधी आम्ही दोन सेंटिमीटरलाच धावपळ करायचो. मर्यादा वाढली याचं कारण, २०१५ मध्ये तिथल्या सोळा हॉस्पिटलांनी साडेसातशेहून जास्त पेशंटांच्या नोंदी एकत्र केल्या आणि दिसलं की हे फुगे फार हळू वाढतात, वर्षाला सरासरी मिलिमीटरसुद्धा नाही, आणि फुटलेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. या हिशेबानं ११ मिलिमीटरचा फुगा म्हणजे वर्षातून एकदा बघायची गोष्ट.

पण तुमच्या आईंचा एक फुगा फुटलाय. आकड्यांचा नियम ज्यांचा फुटला नाही अशांसाठी असतो. म्हणून मला कळायला हवं ते हे: डावा फुगा फुटला तेव्हा किती मोठा होता? तुम्ही कार्डाचं पहिलं पान पाठवलंत, आकडा दुसऱ्या पानावर किंवा सीटीच्या रिपोर्टात असेल. तो अडीच-तीन सेंटिमीटरचा निघाला तर उजवीकडे शांतपणे लक्ष ठेवता येईल. तोही दहा-पंधरा मिलिमीटरचाच होता असं निघालं, तर तुमच्या आईंच्या धमन्यांची भिंतच कमकुवत आहे असं धरावं लागेल, आणि तीन सेंटिमीटरची वाट बघणारा डॉक्टर मला धाडसी वाटेल.

मग उपचार करायचा ठरला तर तो रात्री दोनचा नसेल. कार्डावरून दिसतं की उजवा फुगा धमनी दुभागण्याच्या जागी आहे, म्हणजे डावीकडच्यासारखं नुसतं दार बंद करून चालणार नाही, निम्मी किडनी जाईल, आणि ती आता त्यांची जास्त चांगली किडनी आहे. तिथं वर म्हटलेलं नक्षीकाम लागेल: स्टेंट ठेवून कॉइल, आधी काही दिवस रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या, नंतरही त्या चालू. किंवा ऑपरेशन. त्यातला एक प्रकार काकांना आवडेल. किडनी खरोखर बाहेर काढतात, बर्फाच्या थंडाव्यात टेबलावर ठेवून धमनी दुरुस्त करतात, आणि मग ओटीपोटात परत बसवतात. मोजक्याच ठिकाणी होतं, आणि तार पोचत नाही अशाच फुग्यांसाठी राखून ठेवतात. यासाठी इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट (तारेनं उपचार करणारे) आणि व्हॅस्क्युलर सर्जन (रक्तवाहिन्यांचे सर्जन) दोघांचं मत एकाच आठवड्यात घ्या. सांगली-मिरजेत नाही जमलं तर पुणे-मुंबई. सरकारी आरोग्य योजनेत बसतं का ते त्या हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा, दाखल झाल्यावर नको.

भिंत कमकुवत का, याचा शोध राहिलाय. चाळिशी-पन्नाशीच्या बायकांत एक आजार आढळतो, त्यात धमनीच्या भिंतीतले तंतू वेडेवाकडे वाढतात, सीटीवर धमनी मण्यांच्या माळेसारखी दिसते. डॉक्टर त्याला एफएमडी म्हणतात. दोन्ही बाजूंना फुगे आहेत म्हटल्यावर माझ्या मनात तो पहिला येतो. तो असेल तर मानेच्या आणि मेंदूच्या धमन्याही एकदा बघून घ्यायला हव्यात, कारण तिथंही फुगे असू शकतात. सहा आठवड्यांच्या भेटीत हा प्रश्न थेट विचारा: “एफएमडी आहे का, आणि डोक्या-मानेची अँजिओ करायची का?”

बहीण. अशा पेशंटच्या प्रत्येक नातेवाइकाचा सीटी काढत नाहीत. पण ती आई होण्याच्या वयात आहे, म्हणून मी तिला वेगळं धरते. गर्भारपणात रक्ताचा ओघ वाढतो, भिंती सैल पडतात, आणि फुगा असेल तर शेवटच्या तिमाहीत तो फुटण्याचा धोका सगळ्यात जास्त. फुटला तर आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेततं. म्हणूनच त्या वयातल्या बाईला फुगा सापडला तर तो कितीही लहान असला तरी उपचाराचा सल्ला देतात. तुमच्या बहिणीला फुगा आहे असं मी अजिबात म्हणत नाही. नसण्याचीच शक्यता फार मोठी. तिनं आता बीपी मोजावं आणि आईचं एफएमडीचं उत्तर येईपर्यंत थांबावं. उत्तर होय आलं, तर दिवस जाण्याआधी एकदा एमआर अँजिओ, म्हणजे एमआरआयवर रक्तवाहिन्या बघणं, त्यात किरणं नसतात. आणखी एक विचारा घरात: कुणाची कातडी फार पातळ, खालच्या शिरा दिसतील अशी आहे का, जरा लागलं की काळंनिळं पडतं का, तरुणपणी कुणी आतडं किंवा रक्तवाहिनी फुटून अचानक गेलंय का? तसं कुणी असेल तर थांबू नका, जनुकीय तपासणीचा सल्ला आधी घ्या. ही लक्षणं रक्तवाहिन्या जन्मतःच नाजूक असणाऱ्या एका आनुवंशिक आजाराची असू शकतात, आणि त्या आजारात तारेनं धमनीत शिरणंसुद्धा जपून करावं लागतं.

तोपर्यंत घरात: दोन महिने हंडा नाही, सिलिंडर नाही, वाकून लादी पुसणं नाही. पोट साफ राहील असं बघा, कुंथायला लागू नये. चालणं रोज. कुशीत अधूनमधून ठणकणं, संध्याकाळी थोडी कणकण, हे साचलेलं रक्त जिरेपर्यंत चालायचं. पण हुडहुडी भरून ताप आला, कुशीतलं दुखणं अचानक वाढलं, लघवी लाल झाली, उभं राहिल्यावर अंधारी आली, जांघेत टोचलेल्या जागी गाठ धडधडायला लागली, तर जवळच्या दवाखान्यात वेळ न घालवता जिथं कॉइल बसवली तिथंच जा, आणि निघतानाच त्यांना फोन करा.

त्या रात्री काहीच न कळता सही केलीत, हे तुम्हाला टोचतंय असं वाटतं. रात्री दोनला सही करणाऱ्या कुठल्याच मुलाला काही कळत नसतं. आम्हीही तेव्हा नीट समजावू शकत नाही. समजावण्यात जाणारी दहा मिनिटं पेशंटच्या रक्तातून जातात. आता कळून घ्यायला सवड आहे. सहा आठवड्यांच्या भेटीला काकांनाही न्या, त्यांचा प्रश्न त्यांनीच विचारू दे. बहिणीलाही न्या. बीपीची वही, कार्डाची दोन्ही पानं आणि त्या रात्रीच्या सीटीची सीडी घेऊन जा. सीडी त्यांच्या रेडिओलॉजी विभागात मागितली की मिळते. रिपोर्टचा कागद पुरणार नाही, त्यात फुग्याची मान, म्हणजे तो धमनीला जिथं जोडलाय ती जागा, किती रुंद आहे ते दिसत नाही, आणि उजवीकडचं सगळं गणित त्या मानेवरच आहे.

कढण आईंना आवडत असेल तर करा. बाजारातली मुतखडा विरघळवायची पुडी मात्र नको, त्यांना मुतखडा नव्हताच.